आतून गंजणारी वाघीण

सोळा टनी कोळशाची वाघीण ही रेल्वेच्या रुळांवर धावलेली सर्वांत देखणी वस्तू आहे, असे माझे मत आहे आणि घरात ते कोणालाही पटलेले नाही. तिच्यात देखणे असे आहे तरी काय, हा प्रश्न रास्तच आहे. चार चाकांवर ठेवलेली पोलादी पेटी, वरून उघडी, दोन्ही बाजूंना एकेक दार, एका टोकाला वरच्या बिजागरीवर झुलणारे आणखी एक दार, आणि सगळ्यावर राखाडी रंगाचा हात, तोही नवी असतानाच काय तो धड. १ जानेवारी १९४८ला ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटिश रेल्वेच्या ताफ्यातल्या या वाघिणींची संख्या दोन लाखांच्या वर गेली. खाणीवर कोळसा भरून घ्यायचा, वीजकेंद्रात, पोलादाच्या कारखान्यात किंवा बंदराच्या धक्क्यावर तो ओतायचा आणि रिकामे परत यायचे, एवढेच तिचे आयुष्य. धुणे-पुसणे तिच्या वाट्याला आले नाही. त्यामुळे तिच्या अंगावर जे काही दिसते ते सगळे कामाने उमटलेले आहे, आणि तेवढ्यासाठीच ती मला देखणी वाटते. तिच्या छोट्या धातूच्या प्रतिकृती जुळवणे हा माझा छंद आहे.

पुण्यात राहणाऱ्या आणि बल्लारपुरात वाढलेल्या माणसाने इंग्रजांच्या वाघिणीवर जीव का टाकावा, हेही विचारले जाते. त्याचे पहिले उत्तर सोयीचे आहे. पितळी पत्र्यातून जुळवायचे वाघिणींचे संच ब्रिटनमध्ये कित्येक दशकांपासून लहान लहान व्यावसायिक काढत आले आहेत, तर आपल्याकडच्या वाघिणींचे तसे संच हाताशी लागत नाहीत. शिवाय मापाची अडचण आहे. मी ज्या मापात काम करतो त्याला ओ गेज म्हणतात. त्यात मूळच्या एका फुटाचे सात मिलिमीटर होतात, म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या साडेत्रेचाळीसाव्या हिश्शाएवढी, आणि रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर. आपली साडेपाच फुटी ब्रॉडगेज या हिशेबात ३८.५ मिलिमीटर होते, आणि त्या रुंदीची चाके, आस आणि रूळ हे सगळे ज्याचे त्यालाच घडवावे लागते.

मनात खरे तर बार्शी लाइट रेल्वेची वाघीण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची ही अडीच फुटी रेल्वे १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. तिच्या मालवाहू वाघिणी एकजात २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यावर उभ्या होत्या, आणि इंजिनापासून वाघिणीपर्यंत कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, असा कॅलथ्रॉपचा दंडक होता. ही सगळी सामग्री भारतात पाठवण्याआधी त्याने लीड्सजवळच्या न्यूले येथे रूळ टाकून ती लोकांना चालवून दाखवली होती. याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केले. त्याचा बार्शीशी काडीचा संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. बार्शीची वाघीण मात्र पत्रा कापण्यापासून स्वतः करावी लागेल, आणि तेवढा हात बसेपर्यंत इंग्रजी संचांवर सराव चालू आहे.

दुसरे उत्तर कोळशाचे आहे आणि तेच खरे. माझे मामा बल्लारशाहच्या यार्डात टीएक्सआर होते, म्हणजे गाडी सुटण्याआधी एकेक डबा तपासून तो धावायला लायक आहे की नाही हे ठरवणारे. लांब दांड्याच्या हातोडीने चाकाला ठोका द्यायचा, आवाज ऐकायचा आणि पुढच्या चाकाकडे जायचे, असे त्यांचे चालत चालत काम असे. वर्धा खोऱ्यातल्या खाणींचा कोळसा वाहणाऱ्या बॉक्सएन जातीच्या उघड्या वाघिणी तिथे रांगेने उभ्या असत आणि त्यांतल्या नादुरुस्त निघालेल्या वेगळ्या काढून सिक लाइनीवर नेल्या जात. सुटीत मी मागे लागलो की मामा कधीमधी तिकडे न्यायचे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या एका वाघिणीला सिक का केले, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "बाहेरचा रंग पाहून वाघीण पास करत नसतात रे. कोळशाची वाघीण आतून जाते. आधी आत डोकावायचं, मग बाहेर पाहायचं."

ती आतून का जाते, याचे कारण समजले की या छंदातले निम्मे काम सोपे होते. कोळशाची ढेकळे उंचावरून पडतात आणि पहिल्या काही फेऱ्यांतच आतला रंग खरवडून काढतात. उघड्या पडलेल्या पोलादावर भुकटी आणि पावसाचे पाणी यांचा लगदा बसतो. कोळशात गंधक असते; हवा आणि पाणी मिळाले की त्याचे आम्ल होते आणि ते रात्रंदिवस पत्रा खात राहते. लगदा जिथे साचतो तिथे, म्हणजे तळाच्या कडेला, कोपऱ्यांत आणि दारांच्या खालच्या अंगाला, पत्रा सर्वांत आधी पातळ होतो. बाहेरून याची खबर उशिरा लागते. शिवणींच्या आणि तळाच्या कडेने रंग फुगतो, फुटतो, त्याखालून तांबूस तपकिरी गंज डोकावतो आणि पावसाबरोबर खाली ओघळतो. वाघीण इंग्रजांची असो की आपली, यॉर्कशायरचा कोळसा असो की वणी-घुग्गुसचा, पोलाद खाण्याची रीत एकच. भारतीय रेल्वेने पुढे बॉक्सएनएचएल जातीच्या वाघिणींना स्टेनलेस पोलाद वापरले, त्यामागच्या कारणांत हा गंजही आहे.

संच येतो तो एका चपट्या पाकिटात. आत पितळेचे पत्रे, पांढऱ्या धातूच्या ओतीव भागांची पुडी, चाके, साखळीची कपलिंगे आणि सूचनांचा कागद, जो लिहिणाऱ्याला सगळे आधीपासूनच येत असल्यामुळे फार त्रोटक असतो. पत्र्यातले भाग कोणी कापलेले नसतात, ते रसायनाने कोरलेले असतात. पत्र्याच्या दोन्ही अंगांवर आकृतीबरहुकूम संरक्षक थर उमटवायचा आणि मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. जिथे थर नाही तिथले पितळ विरघळते. दोन्ही बाजूंनी उघडे असेल तिथे आरपार फट पडते आणि एकाच बाजूने उघडे असेल तिथे अर्ध्या जाडीची खाच राहते. घडी घालायच्या रेषा म्हणजे अशा खाचाच, आणि सांगाड्यावरचे रिव्हेट उठवायचे ते मागच्या बारीक खळग्यांवर टोकदार पंच टेकवून. द्रावण दोन्ही बाजूंनी आत शिरून मधोमध भेटते, म्हणून सुट्या केलेल्या प्रत्येक भागाच्या कडेला, भिंगाखाली धरले की, मध्यावर एक बारीक धार उभी दिसते. ती कानसून टाकली नाही तर दोन कडा कधीच नीट भिडत नाहीत. हे कानसण्याचे काम कंटाळवाणे असते आणि त्याला पर्याय नाही.

एवढे करून धातूच का, प्लॅस्टिकचे संच स्वस्त आणि सोपे मिळतात की, असे म्हणणाऱ्यांना मी गणित सांगतो. या मापात एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची भिंत म्हणजे खऱ्या वाघिणीवर सव्वाचार सेंटिमीटरहून जाड पत्रा. खरा पत्रा जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो. वाघीण वरून उघडी असल्यामुळे तिची वरची कड सतत डोळ्यांसमोर असते, आणि जाड कड दिसली की मन लगेच तिला खेळणे ठरवते. पितळही तितके पातळ नसते, पण कड आतल्या अंगाने थोडी तिरपी कानसली की डोळा फसतो. शिवाय पितळाला पोचे पडतात, ते वाकते, सुरकुतते, आणि पोलादाच्या वाघिणीचे आयुष्य दाखवायचे तर ते पत्र्यासारखे वागणाऱ्या वस्तूतच दाखवता येते.

इथेच मामांचा नियम कामी येतो. सूचनांच्या कागदावर क्रम असा असतो: जोडा, रंगवा, मग जुनी करा. मी जुनेपणाचा विचार पत्रा सपाट असतानाच सुरू करतो, कारण पेटी उभी राहिली की आतल्या कोपऱ्यात बोट शिरत नाही आणि भिंत दाबायला मागे आधार उरत नाही. खऱ्या वाघिणीत कोळशाच्या रेट्याने भिंतीचा पत्रा उभ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात बाहेर फुगतो. पट्टी मात्र जागा सोडत नाही. म्हणून बाजूचे भाग सुटे केले की मी ते ज्योतीवर हलकेच तापवून मऊ करतो, जाड रबराच्या तुकड्यावर उलटे ठेवतो आणि पट्ट्यांच्या मधल्या जागी गोल टोकाच्या दांडीने आतून दाबत जातो. फुगवटा नजरेला जाणवावा पण मोजायला सापडू नये, इतपतच. फुगवटे सगळ्या चौकटींत सारखे आले तर ते नक्षीसारखे दिसतात, म्हणून दाराच्या शेजारची एक चौकट जास्त दाबायची आणि टोकाची एक जवळजवळ सोडून द्यायची. जिथे पत्रा कुजल्यावर ठिगळ मारलेले दाखवायचे असेल तिथे कागदाइतक्या पातळ पितळी पट्टीचा आयत या टप्प्यालाच डाखून, म्हणजे सोल्डर करून, घ्यायचा. एकूण काय, वाघीण बांधण्याआधी ती कशी झिजली हे ठरलेले असावे लागते.

डाख देण्याचे काम मला या सगळ्यात जास्त आवडते, आणि मराठी घरात वाढलेल्या माणसाला ते पूर्वी कधी केले नसले तरी पाहिलेले असते. कल्हईवाला पितळेचे पातेले तापवायचा, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळून चकचकीत पापुद्र्यासारखी पसरायची. वाघिणीच्या जोडाला हेच घडते. पितळावरचा ऑक्साइडचा थर हटल्याखेरीज कथील त्याला धरत नाही. कल्हईवाल्याचा नवसागर जे करतो ते माझ्या टेबलावर फॉस्फोरिक आम्लाचे पातळ द्रावण करते. ब्रशने एक थेंब जोडावर, लोखंडाच्या म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर कणभर डाख, आणि टोक शिवेवरून हळू ओढत न्यायचे. थेंब चुरचुरतो, वाफ होते आणि रुपेरी रेघ टोकाच्या मागोमाग फटीत ओढली जाते. ती फटीत दिसेनाशी झाली तर जोड उत्तम. फटीबाहेर ढीग राहिला तर उष्णता कमी पडली. खिडकी मात्र उघडी ठेवायची, कारण ती वाफ घशाला चांगलीच लागते.

डाखाचेही प्रकार असतात आणि त्यांचा क्रम पाळावा लागतो. १८८ अंशांना वितळणारा पेटीच्या मुख्य जोडांना, १४५चा नंतर जोडायच्या बारीक भागांना, म्हणजे आधीचे जोड पुन्हा सुटत नाहीत. ओतीव भागांची, म्हणजे आसपेट्या, कमानी आणि बफरच्या खोबणींची, गोष्ट निराळी. पांढरा धातू हा कथील, शिसे, अँटिमनी अशांचा मिश्रधातू; तो इतक्या लवकर वितळतो की पितळासाठी तापवलेले आयर्न नुसते टेकले तरी डोळ्यांदेखत कमानीचा गोळा होतो. त्यासाठी ७० अंशांना वितळणारा बिस्मथयुक्त डाख मिळतो. पण हा नाजूक डाख उघड्या पितळाला नीट धरत नाही, म्हणून पितळावर जोडाच्या जागी आधी १४५च्या डाखाचा पातळ हात द्यायचा आणि मग आयर्नचे तापमान उतरवून ७०च्या डाखाने वरून ओतीव भाग बसवायचा. यालाही कल्हईच म्हणायला हवे. शिशामुळे काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे आणि त्या टेबलावर चहाचा कप आणायचा नाही, हा नियम मी घरातल्यांच्या धाकाने नव्हे तर स्वतःहून पाळतो.

सांगाडा चौरस बसणे आणि चारही चाके रुळाला टेकणे, याबद्दल थोडक्यात सांगतो. जाड काचेच्या तुकड्यावर ठेवून वाघीण डुगडुगते का पाहायचे. चार पायांचे टेबल जसे एका पायावर लंगडते तसे होऊ नये म्हणून बऱ्याच संचांत एक आस मधल्या टेकूवर झुलता ठेवलेला असतो. रूळ वरखाली असले तरी तो आपला तोल सांभाळतो. खऱ्या वाघिणीच्या आसांमधले अंतर ९ फूट, म्हणजे इथे ६३ मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंना हे अंतर तंतोतंत सारखे असले की गाडी सरळ धावते.

जोडणी झाली की स्वच्छता. आम्लाचा अंश पितळावर राहिला तर काही दिवसांत हिरवट बुरशीसारखा थर धरतो आणि रंगाखालून वर येतो. मी आधी खायच्या सोड्याच्या पाण्यात वाघीण बुडवून काढतो, मग जुन्या दातांच्या ब्रशने पितांबरी लावून घासतो. पूजेच्या समईसाठी आणलेल्या पुडीतली पितांबरी नेमकी किती कमी झाली, हे घरात लगेच लक्षात येते. कोपऱ्यांसाठी काचतंतूंचा ब्रश वापरतात. तो काम चोख करतो, पण त्याचे तुटलेले तंतू बोटात शिरले की दिसत नाहीत आणि दोन दिवस सलत राहतात, म्हणून तो वाहत्या पाण्याखालीच वापरावा.

पितळावर साधा रंग टिकत नाही, नखाने सुटतो. त्यासाठी मोटारींच्या रंगाच्या दुकानात वॉश प्रायमर मिळतो. त्यातला आम्लाचा अंश धातूला चावतो आणि वरच्या थरांना पकड देतो. पुण्यात जून ते सप्टेंबर हे काम मी हाती घेत नाही. हवेत दमटपणा असला की फवारलेला रंग वाळताना पांढुरका पडतो, आणि एवढ्या पातळ थराखाली अडकलेले पाणी पुढे काय करील याची खात्री नसते. पावसाळा हा कानसण्याचा आणि डाख देण्याचा हंगाम, आणि दिवाळीनंतरची कोरडी हवा रंगाची, अशी वाटणी ठरून गेली आहे.

ब्रिटिश रेल्वेत फक्त हातब्रेक असलेल्या वाघिणी राखाडी आणि गाडीभर चालणारा व्हॅक्यूम ब्रेक असलेल्या तांबूस तपकिरी, असा रंगांचा सरळ नियम होता. माझी वाघीण हातब्रेकची, म्हणून राखाडी. या राखाडीवरून छंदी मंडळींत अखंड वाद चालतात आणि ते मला निरर्थक वाटतात, कारण दोन कारखान्यांतली राखाडी एक नसणार आणि एकाच वाघिणीची राखाडी दोन पावसाळ्यांनंतर तीच राहणार नाही. मी ठरलेल्या छटेत थोडा पांढरा मिसळतो, कारण लहान वस्तूवर अस्सल रंग नेहमी गडद भासतो. त्यावर चकचकीत वार्निशचा हात आणि मग अक्षरे: काळ्या चौकोनावर बी या अक्षराने सुरू होणारा क्रमांक, १६ टनांची क्षमता, आणि बाजूवर तिरकी जाणारी पांढरी पट्टी. ही पट्टी शोभेची नव्हे. तिचे वरचे टोक ज्या बाजूला, त्या बाजूच्या टोकाला उघडणारे दार आहे, हे धक्क्यावर वाघीण कलती करून कोळसा ओतणाऱ्याला दुरून कळावे म्हणून ती असते. ही अक्षरे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायची असतात. खाली पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर त्यांच्याखाली हवा राहते आणि कडेची फिल्म चंदेरी दिसते. चकचकीत वार्निश त्यासाठीच.

या टप्प्याला वाघीण कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखी दिसते. घरातल्यांचे मत असते की आता हात लावू नये. फोटोही याच टप्प्याला चांगले येतात. पण कारखान्यातून निघालेली सोळा टनी वाघीण अशी किती दिवस राहिली असेल? कोळशाची पहिली खेप तिच्यात पडली तिथेच ते संपले, त्यामुळे माझ्या दृष्टीने या टप्प्याला ती खोटी असते.

सुरुवात आतून. आतला सगळा भाग मी राखाडी करतच नाही. प्रायमरवर थेट गडद तपकिरी देतो, आणि त्यावर गंजाच्या छटा. त्यासाठी परदेशी बाटल्यांतल्या पुडी मिळतात, पण लोखंडाचा ऑक्साइड विकत घ्यायला इतके लांब जाण्याची गरज काय? मंडईजवळ गेरू मिळतो, पिवळी माती मिळते आणि काजळी घरी धरता येते. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो; पिवळ्या मातीत त्याच ऑक्साइडला पाणी बांधलेले असते. गंजही असाच असतो: नवा असताना केशरी, जुना होत जाताना तपकिरी, आणि कोळशाखाली दडपलेला जवळजवळ काळा. नुसता गेरू वाघिणीला लावला तर ती तुळशीवृंदावनासारखी दिसेल, म्हणून त्यात पिवळी माती आणि काजळी जागेनुसार कमीजास्त करावी लागते. भिंतींच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात केशरीकडे झुकणारी, कारण कोळसा तिथवर कमी घासतो आणि पाऊस जास्त लागतो. मधल्या भागात उभे ओरखडे. तळाला काळपट, आणि कोपऱ्यांत खऱ्या कोळशाची भुकटी. पूड मलमलच्या कापडातून चाळून घेतलेली असावी. तिला पक्की करायला मॅट वार्निशचा फवारा दिला की सगळे रंग एक पायरी गडद होतात, हे गृहीत धरून आधी फिकेच ठेवायचे.

बाहेरच्या बाजूला गंज आधी आणि राखाडी नंतर, असा उलटा क्रम चालतो. तळाच्या कडेला, दारांच्या चौकटींना आणि जिथे जिथे आत लगदा साचला असेल असे मी आधी ठरवले आहे तिथे गंजाचा रंग प्रथम देऊन ठेवतो. तो वाळल्यावर ओल्या ब्रशने पाणी लावून त्यावर मिठाचे बारीक कण विखुरतो, ते चिकटू देतो आणि वरून राखाडी फवारतो. पुरते सुकल्यावर अंगठ्याने मीठ चोळून काढले की राखाडीत वेड्यावाकड्या कडांचे खळगे उरतात आणि त्यांतून खालचा गंज दिसतो. हाताने रंगवलेला गंजाचा ठिपका गोल येतो. मिठाने पडलेला कधीच तसा येत नाही. त्याखाली अगदी पातळ केलेल्या रंगाचे ओघळ, वरून खाली, एकाच फटकाऱ्यात. ठिगळ डाखून घेतले होते त्यावर मात्र गंज नाही. खालचा कुजका पत्रा कापून नवा बसवला की दुरुस्ती करणारे तेवढीच जागा रंगवत, म्हणून ठिगळावरची राखाडी ताजी आणि तिच्या शेजारची विटलेली. एका वाघिणीवर दोन राखाडी दिसल्या की पाहणारा नकळत त्यामागची हकिकत जुळवू लागतो.

सांगाड्याला धुळीचा तपकिरी, आसपेट्यांभोवती तेलाची काळसर ओल, आणि हातब्रेकच्या दांड्याला पेन्सिलचे शिसे. हा दांडा वाघिणीच्या दोन्ही बाजूंना लांबलचक असतो. गाडीभर ब्रेक नसलेली मालगाडी तीव्र उतारापूर्वी थांबवून, चालत जाऊन, एकेका वाघिणीचा दांडा दाबून अडकवत आणि उतार संपल्यावर पुन्हा सोडवत. इंग्लंडमधला लिकीचा चढ ३७.७ फुटांना एक फूट आहे आणि आपला बोरघाट ३७ला एक. हे वाचल्यापासून पुण्याहून मुंबईला जाताना मंकी हिल ओलांडली की मला माझ्या टेबलावरचा तो दांडा आठवतो. सतत हाताळलेले लोखंड गंजत नाही, उजळते. म्हणून दांड्याच्या टोकाला तेवढी चकाकी द्यायची, बाकी कुठेही नाही.

या छंदात सर्वांत जास्त चुकते ते प्रमाण. प्रदर्शनांत आणि छायाचित्रांत इतक्या गंजलेल्या वाघिणी दिसतात की त्यांत पाव टन कोळसा टाकला तरी तळ खाली पडेल. गंज रंगवण्यात मजा येते आणि हात थांबत नाही, हे मला मान्य आहे, पण धावती वाघीण आणि भंगारातली वाघीण यांतला फरक टीएक्सआरला कळतो तसा रंगवणाऱ्यालाही कळला पाहिजे. दुसरे म्हणजे अंतर. टेबलावरची वाघीण आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे खरीपासून जवळजवळ बावीस मीटरांवर उभे असल्यासारखे. तितक्या दुरून एकेक ओरखडा दिसत नाही, नुसती छटा बदललेली दिसते. म्हणून प्रत्येक डाग देताना तो कशाने पडला असेल हे मी स्वतःला विचारतो, आणि उत्तर आले नाही तर ब्रश खाली ठेवतो. या तपासणीत बरेच सुंदर डाग बाद होतात.

शेवटी प्रश्न उरतो तो मालाचा. खरा कोळसा बारीक कुटून, स्पंजाच्या तुकड्यावर चिकटवून वाघिणीत बसवता येतो आणि तो छानच दिसतो, कारण कोळशासारखा दिसणारा कोळशाहून चांगला पदार्थ नाही. येणारे पाहुणे हमखास सुचवतात की ती भरलेली दाखवा. पण भरली की आतले सगळे झाकले जाते, आणि माझे निम्मे काम आतलेच आहे. त्यामुळे माझ्या रुळांवरची गाडी नेहमी रिकामी, खाणीकडे परत चाललेली असते. पुढच्या दोन वाघिणींचे पत्रे येऊन पडले आहेत. त्यांतल्या एकीच्या दोन्ही बाजूंचे तळाचे पत्रे नव्याने बसवलेले दाखवायचे आहेत, म्हणून ठिगळे कापून ठेवली आहेत. पाऊस सुरू झाला की डाख द्यायला घेईन.